वाणात गेलेली सिंफनी

लग्न ठरवताना आमच्या घरी सांगण्यात आलं होतं की मुलगा अमेरिकेत डॉक्टर आहे, स्वभावाने शांत आहे आणि त्याला कसलंही व्यसन नाही. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या. व्यसन मात्र होतं. आमच्या ह्यांना सिंफनी ऐकायचं व्यसन होतं, आणि तेही नावाजलेल्या जर्मन मंडळींच्या नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ज्यांनी मोठ्या उमेदीने सिंफनी लिहिल्या, ज्यांच्या त्या सिंफनी एकदा-दोनदा वाजल्या आणि मग ज्यांना खुद्द इंग्लंडातही कुणी विचारलं नाही, अशांची रेकॉर्डिंग्ज जमवायची हा ह्यांचा नाद.

मी म्हणायची, "अहो, दीडशे वर्षं राज्य करून गेले ते पुरे नाही का झालं? आता त्यांच्यातले नापास झालेलेही आपणच सांभाळायचे?" त्यावर हे नुसते हसायचे. ह्यांचं हे एक वाईट आहे, भांडायला उभेच राहत नाहीत. मी सोलापूरची. समोरून उत्तर आलं नाही की मला चैन पडत नाही.

सिंफनी म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत एवढंच कळलं होतं: ऐंशीएक माणसं मिळून पाऊण तास वाजवतात, कुणी गात नाही, चार भाग असतात, आणि तिसऱ्या भागात जेवायला हाक मारली तर हे येत नाहीत. अमेरिकेच्या उत्तरेत, ईडन प्रेरी गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये ह्यांची खुर्ची होती, खुर्चीसमोर दोन भलेमोठे स्पीकर, आणि भिंतीवर एक लांब फळी भरून सीड्या. आधी तबकड्या होत्या, त्या गुडघ्यांना झेपेनात म्हणून गेल्या. सीड्या राहिल्या.

हे भूलतज्ज्ञ. आता निवृत्त. ऑपरेशन झालं की पेशंट सर्जनचे हात हातात घेऊन रडतो. भूल कुणी दिली होती ते त्याला आठवत नाही, आणि आठवलंच तर ह्यांचं काहीतरी चुकलं असं समजायचं. मला वाटतं, ह्यांचं आणि त्या इंग्रजांचं जमलं ते ह्यामुळेच. एकदा मी तसं म्हणूनही दाखवलं. हे म्हणाले, "असेल. पण सूरही चांगले लावलेत गं त्यांनी." विषय संपला.

त्या भिंतीवर एक लाडकी सीडी होती. एका लहान गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने ती सिंफनी लिहिली. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती एकदाच वाजली, मग युद्ध झालं, आणि ते कागद त्याच्या बायकोने ट्रंकेत ठेवून दिले. कित्येक वर्षांनी कुणा हौशी माणसाने ते शोधून काढले आणि एका चिमुकल्या कंपनीने तिचं रेकॉर्डिंग केलं. ती कंपनीही पुढे बंद पडली. ह्या सिंफनीचं जगात तेवढं एकच रेकॉर्डिंग, आणि ते कुठे ऑनलाइनही मिळत नाही. तिकडे पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला असतो तो आमचा मुलगा कितीदा म्हणाला, "बाबा, कॉपी करून ठेवा." ह्यांचं उत्तर ठरलेलं: "डिस्क आहे ना घरात. कुठे पळून चालली आहे?"

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही घर विकायचं ठरवलं. जिने नकोत, बर्फ ढकलणं नको. लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. सामान कमी करायचं म्हटल्यावर मला वाटलं होतं, बेसमेंटच्या भिंतीवरून आमचं महाभारत होणार. मी कंबर कसून तयार होते. तर हे स्वतःहूनच म्हणाले, "मी एकच ठेवतो. बाकीच्या देऊन टाकू."

मला एकदम चुकल्यासारखंच झालं. मी म्हटलं, "सगळ्या?"

"सगळ्या. पण फेकायच्या नाहीत. ही माणसं एकदा विस्मरणात गेलीत. दुसऱ्यांदा माझ्या हातून जायला नकोत. कुणीतरी ऐकेल अशा घरी जाऊ देत. एकाने जरी एक ऐकली तरी मला पुरे."

आता असलं माणूस कुठून आणायचं? लायब्ररीने सांगितलं, आम्ही सीड्या घेणं बंद केलंय. जुन्या सामानाच्या दुकानातल्या मुलीने खोक्यात डोकावून इतक्या सहानुभूतीने "ऑ!" केलं की हे खोकं उचलून परत घेऊन आले. मुलगा म्हणाला, "बाबा, नोबडी हॅज अ प्लेअर एनीमोअर." हे त्यानंतर दोन दिवस जेवताना दही मागायचे विसरले. ह्यांच्यात हे लक्षण गंभीर असतं.

माझा जीव तुटला हो. सिंफनी खड्ड्यात गेल्या, पण हा माणूस कधी कुणाकडे काही मागत नाही, आणि आता एक मागतोय तर तेच मिळेना. आणि तेव्हा, तिळगुळासाठी तीळ भाजत असताना, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संक्रांत तोंडावर आली होती. त्या घरातलं माझं शेवटचं हळदीकुंकू होतं. आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाण द्यावंच लागतं. स्टीलची वाटी द्या, प्लॅस्टिकची चाळणी द्या, आरसा द्या, काही द्या. घेणारीने नाही म्हणायचं नसतं. आवडलं नाही तरी हसून घ्यायचं आणि घरी न्यायचं.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, तुमचे इंग्रज मी वाणात लुटते."

ह्यांनी कढईतले दोन तीळ तोंडात टाकले. मग म्हणाले, "आणि त्यांनी परत केलं तर?"

"वाण परत करत नसतात. देणारीनेही परत मागायचं नसतं. आपल्याकडे रीतच आहे तशी."

"चांगली रीत आहे," हे म्हणाले, आणि त्या दिवशी दही दोनदा मागितलं.

खणाच्या कापडाच्या छोट्या पिशव्या मी पुण्याहून आणलेल्या होत्याच. एकेका पिशवीत एकेक सीडी आणि तिळगुळाची पुडी. कुठली कुणाला असं काही ठरवलं नाही. परात भरून ठेवली, जिच्या हाताला जी लागेल ती तिची. बाहेर कडाक्याची थंडी. काळ्या चंद्रकळा नेसून, वर गुडघ्यापर्यंत जाकिटं आणि पायात बर्फाचे बूट, अशा सगळ्या आल्या. दारात बुटांचा हा ढीग. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, कामाच्या व्हिसावर आलेल्या तरुण मुली, त्यांच्या भेटीला आलेल्या आया आणि सासवा. पुरुषांना त्या दिवशी बंदी असते, म्हणून ह्यांना मी बेसमेंटमध्ये पाठवलं होतं. पण दर थोड्या वेळाने जिन्याच्या वरच्या पायरीवर ह्यांचं टक्कल दिसायचं. लेक सासरी चालल्यासारखा चेहरा करून हे परातीकडे बघत होते.

"वॉव काकू, सीडी! सो रेट्रो!" एक म्हणाली. दुसरीने उलटीपालटी करून विचारलं, "काकू, हे मंत्र आहेत का?" मी म्हटलं, "समज तसंच. पण पूर्ण ऐकायचे, मध्ये उठायचं नाही." सगळ्या हसल्या. परात रिकामी झाली. माझ्या आयुष्यात मी इतक्या हुशारीचं काम केलं नव्हतं, असं मला त्या संध्याकाळी वाटत होतं.

ते दुसऱ्या दिवशी चहापर्यंतच टिकलं. मी स्वयंपाकघरात होते. बेसमेंटमधून हाक आली, "अगं, खाली ये जरा." हे कधी हाक मारत नाहीत. मी जिना कसा उतरले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. बघते तर हे त्या एका राखून ठेवलेल्या सीडीचं कव्हर उघडून बसलेले. आत दुसरीच डिस्क होती.

सांगते कसं झालं. ह्यांना एक खोड आहे. प्लेअरमधली डिस्क काढायची, दुसरी घालायची, आणि काढलेली डिस्क, समोर जे रिकामं कव्हर असेल त्यात ठेवून द्यायची. मग ती दुसरी काढली की ती तिसरीच्या कव्हरात. माझ्या डब्यांचंही हे असंच करतात. पोह्यांच्या डब्यावर रव्याचं झाकण, रव्याच्या डब्यावर साखरेचं. पन्नास वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय. आणि आता लाडकी डिस्क कुठल्यातरी भलत्याच कव्हरात बसून, खणाच्या पिशवीतून, तिळगुळासकट कुणाच्यातरी घरी गेली होती.

"आठवा की, शेवटची कधी लावली होती?"

"दिवाळीत," हे म्हणाले. "त्यानंतर बऱ्याच लावल्या. निरोपाच्या म्हणून."

मी डोक्याला हात लावला. आणि मजा बघा, मी कुणाला फोन करून विचारूही शकत नव्हते. वाण परत मागायचं नसतं म्हणून मीच तर छातीठोकपणे सांगितलेलं. शिवाय विचारून उपयोग काय? कव्हरावर एक नाव, आत दुसरं, आणि ज्यांनी पिशवीच उघडली नाही त्या काय सांगणार? हे म्हणाले, "राहू दे गं." पण त्या रात्री हे खुर्चीत बसले आणि त्यांनी काहीच लावलं नाही. मोकळ्या भिंतीकडे बघत बसले. ते मला बघवेना.

मी सकाळी ठरवून टाकलं. सगळ्यांच्या ग्रुपवर कळवलं की काका-काकू ह्या भागातून जाण्याआधी एकेकीकडे चहाला येणार आहेत, आणि तुमच्याकडे प्लेअर नसणार म्हणून काका स्वतः प्लेअर घेऊन येतील, तुमच्या वाणातली सीडी ऐकवतील. उत्तरं धडाधड आली. "सो स्वीट!" "या ना काकू, पावभाजी करते!" कुणाला काय ठाऊक आम्ही चोर शोधतोय ते.

मग सुरू झाली आमची वरात. मागच्या सीटवर प्लेअर, त्याला सीटबेल्ट, आणि ह्यांच्या कोटाच्या खिशात लाडक्या सीडीचं कव्हर. डिस्क सापडली की तिथल्या तिथे बरोबर कव्हरात घालायची आणि बदल्यात तिथे दुसरी ठेवून घरी आणायची, म्हणजे मागितल्यासारखं होत नाही, असा बेत. प्रत्येक घरी तेच. हे पिशवी उघडणार, डिस्क बाहेर काढणार, चष्मा कपाळावर चढवून नाव वाचणार. ती नव्हे, हे मला ह्यांच्या खांद्यांवरून कळायचं. पण आता आलोच आहोत तर ऐकवल्याशिवाय कसं उठायचं? हे प्लेअर लावायचे, दोन वाक्यांत त्या इंग्रजाची हकिगत सांगायचे, आणि मग पाऊण तास आम्ही सगळे सोफ्यावर.

काही घरी पाचव्या मिनिटाला फोन बाहेर आले. एका घरातले सासरे पहिल्या भागातच घोरायला लागले, आणि हे मला कुजबुजून म्हणाले, "माझ्या धंद्यात ह्याला यश म्हणतात." पण एका घरी त्या मुलीचा नवरा, जो आधी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, त्याने तो हळूच मिटला आणि शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर म्हणाला, "काका, यार, हे एवढं भारी आहे तर कुणी वाजवत का नाही?" हे इतके खूश झाले की त्या घरातून निघताना प्लेअरच विसरले.

मग ते क्राफ्टवालीचं घर. ही मुलगी दक्षिणेतल्या अल्फारेटा शहरातून नुकतीच इकडे बदलून आलेली, हाताची मोठी कुशल. तिच्या देवघरात शिरलो आणि मी जागच्या जागी थिजले. आमची सीडी चौरंगावर विराजमान झाली होती. वरून लाल-हिरवे कुंदन, कडेने मोती, आरशाचे तुकडे, आणि मधल्या भोकावर बेतून बसवलेलं निरांजन.

"काकू, मला वाटलं तुम्ही क्राफ्टसाठीच दिल्या! छान झालंय ना?"

मी नुसती मान डोलावली. ह्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. डिस्कवरचं नाव कुंदनाखाली गेलेलं. हे चौरंगापुढे वाकले, अगदी नमस्काराला वाकावं तसे, आणि कडेचा एक सैल मोती बोटाने जरासा सरकवला. खाली दोन अक्षरं दिसली. ह्यांनी श्वास सोडला. ती नव्हती. मोती परत जागेवर दाबून हे म्हणाले, "फारच सुंदर झालंय बेटा."

गाडीत बसल्यावर मी हसू की रडू करत होते. हे इंजिन सुरू करत म्हणाले, "ह्या गृहस्थाची सिंफनी पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी हुर्यो करून पाडली होती. आता निदान रोज दिवा लागतोय." आणि मग आम्ही दोघंही इतके हसलो की काचा धुरकटल्या आणि गाडी काही वेळ हलवताच आली नाही.

फेब्रुवारी सरत आला. घरांची यादी संपत आली. अपार्टमेंटची किल्ली हातात आली होती, स्पीकर विकून झाले होते. मी वरवर ह्यांना धीर देत होते, पण आतून माझा धीर सुटत चालला होता. शेवटून दुसरं घर राहिलं होतं ते नागपूरच्या एका मुलीचं. तिची आई सहा महिन्यांसाठी लेकीकडे आली होती. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला दोघी आल्या होत्या, आणि आता आईचं परतीचं विमान दोन दिवसांवर आलं होतं. हॉलमध्ये उघड्या बॅगा, वजनकाटा, बदामाची पाकिटं. दारात आम्ही बूट काढत होतो. हे एका पायावर उभे, एक बूट हातात, आणि तसेच थांबले.

आत स्वयंपाकघरात कुणीतरी गुणगुणत होतं.

मला वाटलं ह्यांना चक्कर आली. मी दंड धरला. ह्यांनी बूट हातात धरूनच बोट ओठांवर ठेवलं. आतून लाटण्याचा आवाज येत होता आणि त्याच्यावर संथपणे एक चाल, वर जाणारी, मग थबकणारी, मग खाली उतरताना मध्येच एक वळण घेणारी.

"सॉरी काका," ती मुलगी म्हणाली, "आईचं दिवसभर हेच चालू असतं. त्या सीडीमुळे. आय मीन, वुई लव्ह इट, पण रोज?"

हे एक मोजा ओला करून तसेच आत गेले. आई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. ह्यांना बघून पदर सावरून म्हणाल्या, "या बाप्पा, या! तुमच्याच घरचं गाणं म्हणून राहिले होते."

मग कळलं ते असं. आधीच्या घरमालकाने बेसमेंटमध्ये एक जुना प्लेअर टाकून दिलेला होता. आईंनी तो वर आणून ओट्यावर ठेवला. "दिवसभर घरात मी आन् बाहेर बर्फ," त्या सांगत होत्या. "लेक-जावई ऑफिसात, नात शाळेत. टीव्ही लावावा तर ते इंग्रजी मला काही समजत नाही. म्हटलं, काकूंनी दिलं ते लावून बघावं. याच्यात तर शब्दच नाहीत, मग न समजायला आहे काय?"

ह्यांनी ओट्यावरच्या प्लेअरचं झाकण हळूच उघडलं. आत ती होती. नाव मलाही दिसलं.

"पहिला भाग आहे नं, तो मी भांडे घासताना लावते," आई म्हणाल्या. "त्याच्यात तसाही लई दणदणाट आहे. दुसऱ्यात पोळ्या होतात भरभर. पण तिसरा लागला की मी गॅस बंद करते, भाऊ. तेव्हा बसावंच लागते."

"हो," हे म्हणाले. "बसावंच लागतं." ह्यांनी प्लेअरचं झाकण परत लावलं. "ती चाल परत म्हणता का एकदा?"

त्या जराही लाजल्या नाहीत. पिठाचे हात ताटावर झटकले आणि डोळे मिटून म्हणायला लागल्या. तीन ओळी सरळ गेल्या. चौथीला अडल्या, एकदा मागे जाऊन आल्या, पुन्हा अडल्या. आणि आमच्या ह्यांनी, ज्यांना मी आयुष्यात कधी आरतीतसुद्धा मोठ्याने म्हणताना ऐकलं नव्हतं, त्यांनी पुढची ओळ उचलली. सूर काही फार चांगला नाही ह्यांचा. पण ओळ पक्की होती. मग दोघांनी मिळून ती परत म्हटली. मी दारात उभी. खरं सांगते, मला हेवा वाटला. इतकी वर्षं ती चाल माझ्या पायाखालच्या जमिनीतून वर येत होती आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

पण मी मुळात कशाला आले ते काही विसरले नव्हते. मी म्हटलं, "अहो, मग ती डिस्क..." ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. हो, मी. गप्प.

ह्यांनी कोटाच्या खिशातून कव्हर काढलं आणि ओट्यावर ठेवलं. "ह्याचं खरं कव्हर आमच्याकडे राहिलं होतं. ते द्यायला आलो. आत त्या माणसाची सगळी हकिगत आहे, फोटोही आहे."

लेक हुशार. तिने एकदा कव्हराकडे बघितलं, एकदा माझ्या चेहऱ्याकडे. "काका, वन मिनिट. ही तुमची स्वतःची आहे का? चुकून आली? आई, दे त्यांना परत, प्लीज."

आई लगेच हात पुसून प्लेअरकडे वळल्या. "घ्या नं भाऊ, घ्या. मी काय, मला आता पाठच झालं." पण डिस्क काढायला हात काही पुढे होईना.

"छे छे," हे म्हणाले. "वाण आहे ते. परत घेत नसतात. हिनेच मला सांगितलंय, आपल्याकडे रीत आहे तशी."

माझेच दात माझ्याच घशात! मी आपलं म्हटलं, "हो, आहे बाई रीत तशी."

ती मुलगी म्हणाली, ऑफिसमधून सीडी वाचणारं यंत्र आणते आणि आई निघायच्या आत काकांच्या फोनवर कॉपी घालून देते. तिने तशी दिलीही. म्हणजे मुलगा जे इतकी वर्षं सांगत होता तेच शेवटी झालं, पण ते मी त्याला कळवलेलं नाही.

परतताना गाडीत मी बरसले. "एवढ्यासाठी का मी गावभर पावभाज्या खात हिंडले? माझ्या पोटाचे हाल झाले! शेवटी हातात आली तर देऊन मोकळे!"

ह्यांनी गाडी जरा हळू केली. वायपर काचेवरचा बर्फ ढकलत होते. मग म्हणाले, "मी तिला ऐकणारं माणूस शोधत होतो ना? ते सापडलं. मग त्याच्याचकडून काढून घेऊ?" आणि जरा वेळाने, "अगं, ती चाल मी आजवर दुसऱ्या कुणाच्याही तोंडून ऐकली नव्हती. कधीच. मला कधीकधी वाटायचं, ती मलाच ऐकू येते."

मी हातमोजा काढला. ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला.

मार्चमध्ये आम्ही अपार्टमेंटमध्ये आलो. एक खुर्ची, एक छोटा स्पीकर, फोनमध्ये एक सिंफनी. इथल्या भिंती पातळ, त्यामुळे तिसरा भाग आता मलाही ऐकावाच लागतो. सवय झाली आहे. डब्यांच्या झाकणांचा घोळ इथेही चालूच आहे.

एप्रिलमध्ये, इथे अजून कडेकडेने बर्फ साचलेला असताना, नागपूरहून माझ्या फोनवर एक ऑडिओ आला. सोबत आईंचा निरोप: "चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं. आमच्या भजनी मंडळाने म्हटलं ते भाऊंना ऐकवा."

मी ह्यांना हाक मारली. हे खुर्चीतून उठून आले. मी बटण दाबलं. आधी नुसता गलका, पंख्याची घरघर, कुणीतरी "हळू, हळू" म्हणतंय. मग पेटी वाजली, टाळ सुरू झाले, आणि दहा-बारा बायकांनी एका सुरात देवीचं भजन उचललं.

चाल तीच होती. वर जाणारी, थबकणारी, आणि उतरताना मध्येच वळण घेणारी. एकदाच वाजून ट्रंकेत गेलेली. ती आता नागपूरच्या उकाड्यात टाळांवर चालली होती, आणि मागे ढोलकीवाली कुणीतरी अशी रंगली होती की विचारू नका.

हे खाली बसले. चष्मा काढला. डोळे गळत होते आणि हसत होते, दोन्ही. मीही रडले, लपवायचं काय त्यात? आम्ही ते परत ऐकलं, आणि परत. चौथ्या वेळी मात्र ह्यांनी बोट वर केलं. "चौथी ओळ चुकतात. तिथे खाली यायला हवं, ह्या वरच राहतात."

"मग सांगा त्यांना."

ह्यांनी घसा साफ केला आणि फोन तोंडाजवळ धरून चौथी ओळ नीट, सावकाश गुणगुणून पाठवली. इकडे सकाळ, तिकडे संध्याकाळ. उत्तर लगेच आलं. आईंचा खणखणीत आवाज. "भाऊ, तुमचं ऐकलं. सगळ्या बायांना ऐकवलं. पण मंडळाचं म्हणणं असं पडलं की आमचीच बरोबर वाटते. तुम्ही त्या इंग्रजाले कळवून द्या."

ह्यांनी तो निरोप पूर्ण ऐकला. मग तीच चौथी ओळ नागपुरी पद्धतीने, वरच राहून, स्वतःशी म्हणून बघितली.

"कळवतो म्हणावं," हे म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.